मंदे, हे आधी वाच

बडोदे, रविवार रात्र

प्रिय मंदे,

काल वाचायला आलेल्या मोडी लिपीतल्या एका जुन्या कागदात मला दुसऱ्याचं अक्षर सापडलं. घरी सांगितलं, तर दादा ‘बरं’ म्हणाला आणि टीव्ही मोठा केला. म्हणून तुला लिहितेय. तब्येत ठीक, आईचा गुडघा आहे तसाच.

रावपुऱ्यातल्या एका घरचं जुनं वाटणीपत्र होतं. मोडीत लिहिणारा आधी शिरोरेघ ओढून घेतो, मग तिच्याखाली अक्षरं ओवत जातो. दोन शब्दांत जागा नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. त्यामुळे मागाहून कुणी काही घुसडलं तर पटकन कळत नाही. मी शेवटच्या दोन ओळींशी येऊन अडखळले. त्यांच्या मधोमध आणखी एक अर्धी ओळ होती. तिची रेघ बारीक, बोरू नुकता तासलेला असावा, आणि अक्षरं खांदे आवळून बसल्यासारखी. लिहिलं होतं, परसातल्या विहिरीचं पाणी वहिनीबाईस कोणी अडवू नये. बाकीच्या सगळ्या कागदात त्या बाईच्या वाट्याला काही नाही. घर नाही, भांडं नाही. कोणाला तरी ते सहन झालं नाही गं! मी पंखा बंद करून ती ओळ परत परत वाचली आणि रडले. संध्याकाळी त्या घरच्या आजींना वाचून दाखवली, तर त्या माझा हात सोडेनात.

आता खरी गोष्ट. जुन्या ऑफिसातून साहेबांचा फोन आलाय. परत ये, पगार वाढवून देतो, हाताखाली माणसं देतो. तुला तो हॉल आठवतो ना, एकदा डबा द्यायला आली होतीस? डोक्यावर ट्यूबलाइट, थेट मानेवर एसी, चारही बाजूंनी फोन. एकदा पलीकडच्या टेबलावरच्या पोराला साहेब सगळ्यांदेखत बोलले. तो पोरगा दहा मिनिटांत चहा पीत हसत होता, आणि माझे हात संध्याकाळपर्यंत थरथरत होते. घरी आल्यावर कुणी ‘जेवायला काय करू’ विचारलं तरी ते ओझं वाटायचं. आई म्हणते, नोकरीत एवढं मनाला लावून घ्यायचं नसतं. ते बटण कुठे असतं, हे मात्र ती सांगत नाही.

एलेन ॲरन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आहेत. त्यांनी नव्वदच्या दशकात माझ्यासारख्या अतिसंवेदनशील माणसांवर काम केलं, नवऱ्यासोबतचा त्यांचा शोधनिबंध 1997चा. त्यांच्या मते शंभरात पंधरा-वीस माणसं अशी जन्मतःच असतात. हा आजार नाही, स्वभावाची घडण आहे. आत आलेली प्रत्येक गोष्ट मेंदू खोलवर घोळवत बसतो, म्हणून बारीकसारीक दिसतं आणि म्हणूनच लवकर थकायला होतं. आणि ऐक, त्या म्हणतात की यातली तीसेक टक्के माणसं चांगली बोलकी, चारचौघांत रमणारी असतात. मंदे, ही तू! फाइन आर्ट्सच्या गरब्यात मला ओढत नेलंस, मी कानांवर हात ठेवून बाहेर पडले तेव्हा ‘नाटकी’ म्हणालीस, आणि त्याच रात्री रस्त्यावरच्या त्या कुत्रीच्या पिल्लासाठी पहाटेपर्यंत हुंदके देत बसलीस. ते भांडण मी अजून मिटवलेलं नाही, लक्षात ठेव.

सगळे म्हणतात, तुला शांत काम हवं. पण मधे मी ती नोंदी टाइप करायची नोकरी केलीच होती की. खोलीत एकटी, टाचणी पडली तरी ऐकू येईल. तिथेही मी सुकत गेले, कारण काय टाइप करतेय याचं कुणाला सोयरसुतक नव्हतं. आणि मोडी तरी कुठे शांत आहे? मागच्या महिन्यात बाळंतपणात गेलेल्या मुलीच्या बापाचं पत्र आलं, त्या दिवशी मला घास गिळवेना. तरी दुसऱ्या दिवशी मी टेबलाशी होते. मला जे नको तितकं दिसतं, ते इथे कुणाच्या तरी उपयोगी पडतं. हॉलमध्ये तेच दिसणं माझ्या अंगावर यायचं. हा फरक मला काल कळला, आणि तो आईला समजावता येत नाहीये.

कारण पैसे, दुसरं काय. पानामागे मिळतात, तेही कागद आले तर. पावसाळ्यात कुणी पेट्या उघडत नाही. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन आज ना उद्या करावं लागेल, दादाच्या दोन फिया आहेत. वहिनी काही बोलत नाही, पण किराण्याची यादी माझ्यासमोर वाचते. सकाळी दोन तास घरून साहेबांचं काम करीन, असं म्हणून पाहावं असं मनात येतं. मग तो पोरगा आठवतो.

तुझी बदली रद्द झाली का? ओंकारचा दहावीचा निकाल वहिनीकडून कळला, शाब्बास म्हण त्याला. तुझ्या सासूबाईंना नमस्कार. पुण्याचा चिवडा पाठवू नकोस, इथला लीलो चिवडा खाल्लेल्या माणसाला तो चालत नाही.

गुरुवारी साहेबांना उत्तर द्यायचंय. मी नाही म्हणणार आहे. आईला तू सांग, तुझं ती ऐकते. नऊनंतर फोन कर, तेव्हा दादाचा टीव्ही बंद असतो.

तुझीच,
शालू