संद्याला पत्र : चौदा फुटी बोट आणि तिच्यातलं कुजकं लाकूड

प्रिय संद्या,

बोटीचा फोटो बघून तू विचारलंस ना, की त्यात एवढं काय आहे, पत्र्याचीच तर आहे, घासून रंग मार आणि घाल पाण्यात. त्याचं उत्तर व्हॉट्सअॅपच्या दोन ओळीत मावणारं नाही म्हणून नीट बसून लिहितोय. तू होडीच्या घरातला माणूस, तुला वरवरचं सांगून चालणार पण नाही. काकांनाही वाचून दाखव, त्यांना यातलं बरंच ओळखीचं वाटेल आणि काही अगदी उलटं वाटेल.

आधी बोट कुठून आली ते. आमच्या रस्त्याच्या टोकाला एक आजी राहतात, त्यांचे मिस्टर गेले त्यानंतर बोट त्यांच्या मागच्या शेडमध्ये ट्रेलरवर तशीच पडून होती, वर ताडपत्री, ताडपत्रीवर पानं, आत उंदरांची घरटी. शेड विकायला काढली तेव्हा त्या म्हणाल्या की भंगारवाला वजनावर नेईल त्यापेक्षा तू ने आणि पाण्यात घाल. मी त्याच संध्याकाळी जाऊन बघितली. अॅल्युमाक्राफ्ट, १४ फूट, नाळेकडे, म्हणजे पुढच्या टोकाला, व्ही आकार आणि मागे जवळजवळ सपाट, तीन आडवी बाकं, सगळी रिव्हेटची. मिनेसोटात हे नाव घराघरात माहीत आहे कारण कंपनी इथलीच, १९४६ मध्ये फेडरल कार्ट्रिज नावाच्या काडतुसं बनवणाऱ्या कंपनीने सुरू केलेली. युद्ध संपलं, विमानांसाठी लागणारं अॅल्युमिनियम मोकळं झालं आणि पत्रे रिव्हेटने जोडणारे कारागीर तयारच होते. तिकडे न्यूयॉर्कजवळ लढाऊ विमानं बनवणारे ग्रमनवाले त्याच सुमारास अॅल्युमिनियमची कनू, म्हणजे वल्ह्याची अरुंद होडी, बनवायला लागले होते. म्हणजे बोटीची ही जात विमानाच्या कारखान्यातून आलीये रे, आणि ते शिवणीकडे बघितलं की कळतं, एका रेषेत, एका अंतरावर रिव्हेट.

मागच्या फळीवर उजव्या बाजूला नंबर कोरलेला असतो, नोव्हेंबर १९७२ नंतर बनलेल्या प्रत्येक बोटीला अमेरिकेत तो सक्तीचा आहे, त्यातली पहिली तीन अक्षरं बनवणाऱ्याची आणि शेवटी वर्ष. आपल्या बोटीचं १९७६ निघालं. म्हणजे तुझ्यामाझ्यापेक्षा मोठी आहे ती.

आता मुद्द्याचं. अॅल्युमिनियम स्वतःहून मरत नाही. उघड्यावर राहिलं की त्याच्यावर ऑक्साइडचा पातळ थर आपोआप बसतो आणि तोच त्याला जपतो, गोड्या पाण्यात तर पन्नास वर्षं काहीच नाहीत. मरतं ते त्याच्या शेजारी माणसाने जे आणून ठेवलंय त्याच्यामुळे. लाकूड, फोम, चुकीचे स्क्रू, ओली पानं. त्यामुळे जुनी अॅल्युमिनियमची बोट दुरुस्त करायची म्हणजे पत्रा दुरुस्त करायचा असं नाहीच मुळी, पत्र्याच्या संगतीला काय काय आहे ते सगळं काढून तपासायचं आणि परत काय ठेवायचं ते ठरवायचं. माझं सगळं काम याच एका गोष्टीभोवती फिरलं, म्हणून तुझं ‘घासून रंग मार’ मला पटत नाही.

मधल्या काळात कोणीतरी बोटीत प्लायवूडची जमीन बसवली होती, उभं राहून मासे पकडायला बरं म्हणून. प्लाय हिरवट, म्हणजे वाळवी आणि बुरशी लागू नये म्हणून औषध भरलेलं, अंगणात डेक बांधायला इथे सर्रास वापरतात ते. त्या औषधात तांबं असतं. तांबं, अॅल्युमिनियम आणि मध्ये ओल, एवढं एकत्र आलं की बॅटरीच तयार होते आणि त्यात खाल्लं जातं ते अॅल्युमिनियम. वर ते ठोकलेलं साध्या लोखंडी स्क्रूने. मी कटावणी घालून पहिली फळी उचलली तर खाली पांढरी पूड, रवाळ, ओलसर, बोटाने सरकवली की खाली पत्र्याला देवीच्या व्रणासारखे खड्डे. जिथे जिथे स्क्रू होता तिथे पुडीचा गोल डाग आणि मध्ये गंजाचा तांबडा ठिपका. आणि फळीपासून एक वीत बाजूला, जिथे पत्र्याला नुसती हवा लागत होती, तिथे पत्रा नवा म्हणून विकता येईल असा! मी बराच वेळ ते बघत बसलो. रात्री गॅरेजचे दिवे बंद करून आतून टॉर्च फिरवला आणि बायकोला बाहेरून खाली वाकून बघायला सांगितलं, तिला प्रकाशाचे ठिपके दिसले, नाळेपासून मधल्या बाकापर्यंत. प्रत्येकाला तिने मेणाच्या पेन्सिलीने गोल केला.

बाकांच्या आत फोम असतो, बोट उलटली किंवा भरली तरी बुडू नये म्हणून, तो काढून फेकायचा मोह होतो पण तसं कधी करू नये, तोच माणसाला वाचवतो. पण जुना फोम पाणी पितो. एक घनफूट पाण्याचं वजन साधारण २८ किलो, तू हिशोब कर तीन बाकांचा. रिव्हेट ड्रिल करून बाकाचा वरचा पत्रा काढला, फोमचा ठोकळा हाताने उचलेना, हाताने दाबला की पाणी गळायचं आणि वास तर विचारूच नकोस. आता निळ्या रंगाचे इन्सुलेशनचे, बंद छिद्रांचे म्हणून पाणी न पिणारे बोर्ड कापून बसवलेत, तळाला पट्ट्या ठेवून, म्हणजे पाणी आलंच तर खालून वाहून जाईल. एक गोष्ट लक्षात ठेव, या बोर्डाला पेट्रोल लागलं तर तो विरघळतो, त्यामुळे पेट्रोलची टाकी मागच्या बाकाजवळ ठेवायची असेल तर तिथे दुसरा पॉलियुरेथेनचा फोम घालायचा, मी तसाच घातलाय.

मागची फळी, जिच्यावर मोटर लटकते, इथे तिला ट्रान्सम म्हणतात. बाहेर अॅल्युमिनियम, आत लाकूड, आणि त्या लाकडावर सगळा जोर. बाहेरून ठीक दिसत होती, स्क्रूड्रायव्हर टेकवला तर दांड्यापर्यंत आत गेला. नवीन बनवली पाऊण इंचाच्या दोन प्लाय एकत्र चिकटवून, दीड इंच जाड, प्रत्येक कड आणि प्रत्येक भोक इपॉक्सीने, म्हणजे दोन भाग मिसळले की कडक होणाऱ्या गोंदाने, बंद करून. कडा आणि भोकं हेच महत्त्वाचं, संद्या. सपाट बाजूला कोणीही रंग लावतो, पाणी शिरतं ते आडव्या कापलेल्या रेषांतून आणि बोल्टच्या भोकातून. मी भोक मोठं पाडलं, इपॉक्सीने भरलं, वाळल्यावर त्यातच बोल्टच्या मापाचं भोक परत पाडलं, म्हणजे बोल्ट लाकडाला शिवतच नाही. काकांना हे आवडेल. त्यांनी होडीला काजूच्या टरफलाचं तेल चोपडताना आपल्याला फळ्यांच्या कडा आधी करायला लावलेल्या, सपाट भाग नंतर, आठवतंय?

मग पाणी. लोक बोट तळ्यात घालून बघतात कुठून गळते, आत बसून काही दिसत नाही त्याने. उलटं करायचं, बोट ट्रेलरवर असतानाच आत पाणी भरायचं आणि आपण खाली बसायचं. फार भरायचं नाही, पाण्याचं वजन पत्र्याला आणि ट्रेलरला झेपत नाही, तळाच्या रिव्हेट बुडतील इतकं पुरे. थेंब जिथे फुगतो तो रिव्हेट सैल. काही रिव्हेटमधून नुसता ओलावा, काही टपटप, आणि मधल्या कण्याच्या शिवणीत एक जागा अशी की बारीक धारच.

सैल रिव्हेट बदलायची घाई करायची नसते, आधी परत ठोकून घट्ट बसतो का बघायचा. याला दोन माणसं लागतात, एक बाहेरून रिव्हेटच्या डोक्यावर हवेचा हातोडा धरतो, दुसरा आतून शेपटीवर जड लोखंडी ठोकळा दाबून धरतो, हातोड्याच्या धक्क्याने शेपटी ठोकळ्यावर चपटी होते. आत ईरा होती. बारा वर्षांची पोर, कानाला हेडफोन, डोळ्याला चष्मा, तिने ठोकळा असा धरला की मला बाहेर आवाजावरून कळायला लागलं. सैल असला की पत्रा खडखडतो, बसला की आवाज एकदम भरीव होतो, आणि माझ्या आधी ती आतून ओरडायची, बाबा झाला, पुढचा! मला त्या कामाचा जितका आनंद झाला तितका बोट पाण्यात गेल्यावर सुद्धा होईल की नाही माहीत नाही. जे ठोकूनही बसले नाहीत ते ड्रिल करून नवे भरीव रिव्हेट टाकले, आणि हात पोचत नाही तिथे बंद टोकाचे पॉप रिव्हेट, म्हणजे एकाच बाजूने बसवता येणारे, सीलंटमध्ये बुडवून. साधे पॉप रिव्हेट वापरायचे नाहीत, त्यांच्या मधूनच भोक असतं, पाणी सरळ आत. शिवणीवर आतून पातळ इपॉक्सी ओतली, ऊन लावून पत्रा गरम करून, म्हणजे ती फटीत खेचली जाते. पत्र्याला पडलेली बारीक भोकं पण त्यातच बुजली, दोन मोठी होती तिथे पत्र्याचं ठिगळ रिव्हेट केलं.

रंगाचं फार सांगत नाही. लोखंडी ब्रश किंवा स्टीलवूल लावायचं नाही, लोखंडाचे कण पत्र्यात रुततात आणि तिथूनच परत सुरू होतं, नायलॉन किंवा स्टेनलेस वापरायचं. घासलं की लगेच एच (etch) प्रायमर, म्हणजे पत्र्याला चावून धरणारा पहिला थर, कारण ऑक्साइडचा थर थांबत नाही कोणासाठी. आणि तुमच्याकडे शेवाळ आणि कालवं धरू नयेत म्हणून जो तांब्याचा रंग बोटीच्या बुडाला मारतात तो अॅल्युमिनियमला चुकूनही नाही, कारण वर सांगितलंच. मी तर पाण्याखालचा भाग उघडाच ठेवलाय, बोट रोज ट्रेलरवर परत येणार, तिला तिथे रंगाची गरज नाही.

मोटर जॉन्सन ९.९, टू स्ट्रोक, पेट्रोलमध्ये ५०ला १ ऑइल. पाण्याच्या पंपाचा इम्पेलर, म्हणजे पाणी ढकलणारा रबरी पंखा, दगड झालेला, तो बदलला, कार्ब्युरेटरमधलं सुकून चिकट झालेलं पेट्रोल साफ केलं, खालच्या गिअरचं ऑइल काढलं तर ते दुधाळ नव्हतं, म्हणजे त्यात पाणी शिरलेलं नाही, सील शाबूत. पाण्याचा पाइप लावून सुरू केली, मागून बारीक धार आली आणि मी तिथेच गाण्यावर ठेका धरल्यासारखा नाचलो. ट्रेलरचे टायर वरून नक्षी चांगली असली तरी बाजूने तडकलेले, टायरवर शेवटचे चार आकडे बघ, आठवडा आणि वर्ष असतं, बघितलं आणि सरळ नवे घेतले. चाकांचं बेअरिंग ग्रीस भरून नवीन, हायवेवर चाक निघून जाणं हे बोट गळण्यापेक्षा वाईट.

आणि बोटीच्या बुचाचा कायदा. मिनेसोटात बोट तळ्यातून काढली की बूच काढून, सगळं पाणी सांडून, उघड्या बुचानेच रस्त्यावरून न्यायची, बूच लावलेलं दिसलं तर दंड. झेब्रा शिंपले म्हणून एक परदेशी जात आलीये, डोळ्याला न दिसणारी पिल्लं पाण्याच्या थेंबातून एका तळ्यातून दुसऱ्यात जातात आणि मग तिथून कधीच जात नाहीत. मला हा नियम मनापासून पटतो. इथे दहा हजारांहून जास्त तळी आहेत आणि ती सांभाळायची म्हणजे प्रत्येक माणसाने आपलं एक बूच सांभाळायचं.

आता तुझा दुसरा प्रश्न, हर्णैला समुद्रात अशी बोट चालेल का. खरं सांगतो, ही नाही चालणार. खारं पाणी म्हणजे वीज वाहायला आणखी सोपं, जिथे गोड्या पाण्यात दहा वर्षं लागतात तिथे समुद्रात एक दोन पावसाळे पुरतात, आणि रिव्हेटच्या शिवणी लाटांच्या माराला सैल होतात. समुद्रासाठी अॅल्युमिनियम लागतंच असेल तर ५०८३ जातीचा जाड पत्रा, वेल्डिंगची बोट, बुडाला झिजण्यासाठी झिंक किंवा अॅल्युमिनियमचे तुकडे, आणि तरी धुणं रोजचं. त्यापेक्षा काकांची फायबरची चांगली आहे, तीच जप. पण त्यांच्या फायबरच्या मागच्या फळीत सुद्धा लाकूडच असेल बघ, मोटर सोडवून बोल्टच्या भोकात एकदा स्क्रूड्रायव्हर घालून बघ. १ जूनला होड्या वर घेऊन शाकारायच्या आधी बघ, म्हणजे मासेमारी बंदीचे दोन महिने कामाला मिळतील. ओलं लाकूड झाकून ठेवलं तर पावसाळ्यात ते आतल्या आत संपतं, आणि नारळी पौर्णिमेला मोटर टांगली की समजतं.

तू जुलैत येतोयस हे पक्कं ना? बाहेरून येणाऱ्यांसाठी मासेमारीचं ७२ तासांचं लायसन्स मिळतं, ते मी ऑनलाइन काढतो, पासपोर्टवर जसं नाव आहे तसं इंग्रजीत पाठव आणि जन्मतारीख. गळ आणि रीळ इथे भरपूर आहेत, बॅगेत ते कोंबू नकोस. त्यापेक्षा आईने केलेला मेतकूट आणि काकूंचा मालवणी मसाला आण, इथल्या वॉलाय माशाला तो लागू पडतो, मी करून बघितलंय. आणि मागच्या फळीचं काय निघालं ते आधी फोटो काढून पाठव.

तुझाच,
नित्या
सेंट पॉल, मिनेसोटा