उन्हाळी इंटर्नशिपला स्टायपेंड द्या : विज्ञानमंत्र्यांना खुलं पत्र

मा. विज्ञान व तंत्रज्ञान मंत्री यांस,
स.न.वि.वि.

मी मेंदूच्या एमआरआयवर काम करणाऱ्या लॅबमध्ये आहे, आणि उन्हाळा जवळ आला की मुलामुलींचे मेल यायला लागतात, फिजिक्सवाले, सायकॉलॉजीवाले, मेडिकलवाले, कॉम्प्युटरवाले, सगळेच. त्यातल्या बऱ्याच जणांचं एक वाक्य ठरलेलं असतं, "पैसे नकोत, फक्त शिकायला येऊ द्या". वाचून दरवेळी वाईट वाटतं, कारण हे वाक्य लिहिणं ज्यांना परवडतं तेवढ्यांचेच मेल आपल्यापर्यंत पोचतात. सुट्टीत कमावून पुढच्या वर्षाची फी भरणारं पोरगं मेल करतच नाही. त्यात बऱ्याच ठिकाणी जाहिरातही निघत नाही, कुणाची कुणाशी ओळख असेल तर जागा मिळते.

म्हणून मागणी सरळ आहे. ब्रेन इमेजिंगच्या प्रत्येक सरकारी ग्रँटमध्ये उन्हाळी इंटर्नच्या स्टायपेंडची वेगळी रक्कम ठेवा, दुसरीकडे वळवता येणार नाही अशी, आणि अर्ज जाहीरपणे मागवा.

दोन महिन्यांत मुलं काय शिकणार असं विचारतात, तर तेच सांगतो. एफएमआरआय (मेंदू काम करत असताना काढलेला एमआरआय) न्यूरॉन्सचं, म्हणजे मेंदूतल्या पेशींचं काम थेट बघत नाही, रक्तातल्या ऑक्सिजनमुळे सिग्नल बदलतो तो बघतो (सेजी ओगावा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1990 मध्ये हे दाखवलं). हा बदल साधारण एकदोन टक्के, कधी त्याहून कमी, आणि मेंदूत काही घडल्यावर त्याचा पीक यायला पाचसहा सेकंद लागतात. इतक्या बारीक सिग्नलमध्ये माणसाने स्कॅनरमध्ये आवंढा गिळला, डोकं मिलिमीटरभर हललं, की ग्राफमध्ये टोक येतं आणि ते टोक बघून नवख्या मुलाला वाटतं वा, मेंदू ॲक्टिव्ह झाला! मग त्याच्या शेजारी बसून एकेक स्लाइस (मेंदूच्या आडव्या कापाचं चित्र) पुढे-मागे करत बघायचं, हे बघ इथे आडवे पट्टे आलेत, इथे कपाळामागच्या सायनसमधल्या हवेमुळे सिग्नलच गेलाय, इथे सॉफ्टवेअरने चित्रातून कवटी काढताना मेंदूचाही तुकडा उडवलाय. आठवड्याभरात तेच पोरगं आपल्याला थांबवून विचारतं की या सब्जेक्टचा (स्कॅन झालेल्या माणसाचा) डेटा ठेवायचा का, मला डाऊट आहे. हा डाऊट येणं म्हणजेच ट्रेनिंग, आणि तो लेक्चर ऐकून येत नाही हो.

आणि याची गरज किती आहे बघा. 2020 मध्ये नेचर या विज्ञान नियतकालिकात एक अभ्यास आला, 70 टीम्सना एकच एफएमआरआय डेटा दिला, तपासायला तीच 9 गृहीतकं दिली, तर कुठल्याही दोन टीम्सची पद्धत तंतोतंत सारखी निघाली नाही आणि काही गृहीतकांवर निष्कर्षही बरेच वेगवेगळे आले. डेटा तोच, मशीन तेच, फरक पडला तो माणसांनी घेतलेल्या निर्णयांमुळे. स्कॅनरसाठी आपण मोठमोठी बजेटं मंजूर करतो, पण हे निर्णय घेणारी माणसं तयार करायला त्या बजेटमध्ये ओळसुद्धा नसते, हे मला खरंच पटत नाही.

बरं, प्रत्येक इंटर्नला स्कॅनर लागतो असंही नाही. ओपनन्यूरो या वेबसाइटवर मेंदूच्या स्कॅनचे डेटासेट खुले आहेत, ह्यूमन कनेक्टोम प्रोजेक्टने हजाराहून जास्त निरोगी लोकांचे स्कॅन संशोधनासाठी दिलेत, एफएसएल, फ्रीसर्फर ही स्कॅन तपासायची सॉफ्टवेअर अभ्यासासाठी फुकट मिळतात. म्हणजे ज्या कॉलेजात स्कॅनर नाही तिथलं पोरगंही बरा कॉम्प्युटर आणि एक चांगला मेंटर मिळाला तर खरं काम करू शकतं. स्कॅनमधून चेहरा ओळखता येतो म्हणून डेटा शेअर करायच्या आधी तो पुसतात, हे स्वतः केलं की त्या फाइलमागे एक माणूस आहे हेही मुलांच्या लक्षात राहतं.

मेंटरचंही बघा. शिकवतात बहुतेक पीएचडीची मुलं, स्वतःचं काम बाजूला ठेवून, आणि त्याची नोंद कुठेच होत नाही. ती नोंद त्यांच्या कामात धरा. आणि कृपा करून इंटर्नशिपच्या शेवटी पेपर मागू नका, दोन महिन्यांत पेपर मागितला की मुलं घाईत सुंदर रंगीत चित्रं काढतात आणि कच्चा डेटा उघडूनही बघत नाहीत. त्याऐवजी एका सब्जेक्टचा डेटा कच्च्यापासून रिझल्टपर्यंत नेला का आणि कुठे शंका आली, एवढं लिहून घ्या.

अजून एक, निवडीची यादी सुट्टी लागायच्या निदान तीन महिने आधी लावा म्हणजे बाहेरगावच्या मुलांना राहायची सोय करता येईल, आणि स्टायपेंडचा पहिला हप्ता रुजू व्हायच्या दिवशीच खात्यात जमा करा, शेवटी सर्टिफिकेटबरोबर नको, भाडं आणि डिपॉझिट पहिल्याच आठवड्यात भरावं लागतं.

आपला नम्र,
एक संशोधक