चप्पल काढून पिंजऱ्यात चढणारी माणसे

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या पत्रांच्या सदरात एका वाचकाने लिहिले होते की, कोर्टातली शपथ हा निव्वळ फार्स आहे, शपथ घेऊन सगळे खोटेच बोलतात, तेव्हा ती बंदच करावी. त्यांचे निम्मे म्हणणे मला मान्य आहे. उरलेल्या निम्म्यासाठी हे पत्र.

मी नाशिकच्या न्यायालयांत 31 वर्षे नोकरी केली. 1983 ला लागलो, पहिली 11 वर्षे पट्टेवाला, मग लिपिक. पट्टेवाल्याचे काम म्हणजे पुकारा करायचा, साहेबांपुढे कागद ठेवायचे आणि साक्षीदाराला शपथ द्यायची. शपथ देण्याचा अधिकार कायद्याने न्यायालयाचा. आमच्या कोर्टात तोंड मात्र पट्टेवाल्याचे. ‘देवाशपथ खरं सांगेन, खोटं सांगणार नाही,’ हे मी किती माणसांकडून वदवून घेतले असेल, त्याचा हिशेब नाही.

सिनेमा पाहून आलेले साक्षीदार पिंजऱ्यात चढले की इकडेतिकडे बघत. ‘गीता कुठंय?’ असे मला विचारणारे कैक भेटले. आमच्या कोर्टात गीता कधीच नव्हती. इंग्रजांच्या कोर्टात एके काळी हिंदूंना गंगाजलावर आणि मुसलमानांना कुराणावर शपथ घ्यावी लागे. ती पद्धत इंग्रजांनीच 1840 साली कायदा करून थांबवली आणि साधी प्रतिज्ञा आणली. सिनेमावाल्यांपर्यंत ती बातमी अजून पोचलेली दिसत नाही.

आणखी एक गोष्ट सिनेमात दिसत नाही. खेड्यातून आलेली बरीच माणसे पिंजऱ्याच्या पायरीशी चप्पल काढत. तशी सूचना कुठे लावलेली नसे, आम्हीही कधी सांगितले नाही. चप्पल काढणारा खोटे बोलत नाही, असे मी म्हणणार नाही. अनवाणी उभे राहून धडधडीत खोटे बोलणारे मी पुष्कळ पाहिले. पण त्यातले काही शपथेच्या आधी जरा अडखळत. त्या अडखळण्याबद्दलच मला सांगायचे आहे.

1991 च्या सुमाराची गोष्ट. दिंडोरी भागातल्या दोन भावंडांमधला वाटणीचा दावा होता. भावाने आपल्या बाजूने एक म्हातारी चुलती साक्षीला आणली होती. बहिणीने हिश्शाचे पैसे आधीच घेतले, ते आपल्या डोळ्यांदेखत दिले, एवढेच तिने सांगायचे होते. ती चपला काढून वर चढली. मी नेहमीसारखा म्हणालो, ‘म्हणा, देवाशपथ खरं सांगेन.’ तिने विचारले, ‘कोणत्या देवाची रे भाऊ?’ मी म्हणालो, ‘तुमच्या देवाची.’ ‘मंग वणीच्या आईची झाली ना,’ म्हणाली आणि गप्प झाली. दोन्ही हात कठड्यावर. मग माझ्याकडे न बघता थेट साहेबांना म्हणाली, ‘ही न घेता बोललं तर नाही का चालायचं?’

कोर्ट हसले. साहेब हसले नाहीत. ‘घ्यावी लागेल, आजी,’ एवढेच म्हणाले. तिने शपथ घेतली आणि सरतपासात, म्हणजे तिला आणणाऱ्याच बाजूचे वकील प्रश्न विचारत असताना, त्यांना सांगून टाकले की मला पैशाचे काही ठाऊक नाही. वकिलांनी लगेच तिला फितूर जाहीर करण्याची परवानगी मागितली आणि स्वतःच्याच साक्षीदाराचा उलटतपास घेतला. म्हणजे शपथेपायी खरे बोललेली ती बाई रेकॉर्डवर कायमची ‘फितूर’. दाव्याचा निकाल काय लागला ते मला आठवत नाही. ती उतरताना चपला शोधत होती, त्या कोणी तरी पायाने बाकाखाली ढकलल्या होत्या, एवढे मात्र आठवते.

आमचे शिरस्तेदार, म्हणजे कचेरीतले मुख्य कारकून, कायद्याचे किडे होते. त्या दिवशी त्यांनी सांगितले की म्हातारीचा प्रश्न अगदीच येडचाप नव्हता. 1969 च्या शपथ कायद्यातच लिहिले आहे की शपथ द्यायची राहून गेली किंवा चुकीची दिली म्हणून साक्ष रद्द होत नाही, आणि साक्ष देणारा खरे बोलायला तसाही बांधलेलाच असतो. मात्र शपथ घ्यायला सांगितल्यावर नकार दिला तर तो गुन्हा. त्याच्या आधीचा, 1873 चा कायदा आणखी मजेशीर होता. एक पक्ष म्हणू शकत असे की, समोरच्याने अमुक शपथ घेऊन सांगावे, मला ते मान्य. समोरच्याने तशी शपथ घेतली की विषय संपला, त्याचे म्हणणे निर्णायक पुरावा. गावात देवळापुढे बेलभंडारा उचलायला लावतात, जवळजवळ तेच सरकारी कागदावर. 1969 ला ती कलमे गाळली, आणि बरे झाले. ज्याला देवाचे भय नाही, त्याचे त्यात फावले असते.

देव न मानणाऱ्यांचीही सोय आहे. ते मला एका मास्तरांनी शिकवले. ‘मी देव मानत नाही, तुमची शपथ मला लागू पडत नाही,’ असे त्यांनी मलाच सुनावले. मी घाबरलो. साहेबांनी शांतपणे ‘गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा’ असा शब्द घालून दिला आणि मास्तरांनी तो वर्गात कविता म्हणावी तसा खणखणीत म्हटला. त्यानंतर दोन्ही मजकुरांची चिठ्ठी माझ्या खिशात कायम असे. बारा वर्षांखालच्या मुलांचे वेगळे. शपथ म्हणजे काय ते त्याला कळत नसेल, पण खरे बोलायचे असते एवढे कळत असेल, तर शपथेशिवाय साक्ष घेता येते. एका पोराला साहेबांनी विचारले, खोटे बोलल्यावर काय होते? ‘बाई मारतात.’ साहेबांनी तसेच लिहून घेतले.

आता पत्रलेखकाशी माझे कुठे जुळते ते सांगतो. शपथ तोंडातून निघून कागदावर गेली, तिथे ती खरोखरच फार्स झाली. 1 जुलै 2002 पासून दिवाणी दाव्यांत सरतपास शपथपत्रावर येऊ लागला. वेळ वाचला, हे खरेच. मी तेव्हा लिपिक होतो, बोर्डावरची, म्हणजे रोजच्या दाव्यांच्या यादीतली, गर्दी मी पाहिली आहे. पण ते शपथपत्र वकिलांच्या कचेरीत टाइप होते. साक्षीदार पिंजऱ्यात येतो, शपथ घेतो, ‘सही तुमचीच? मजकूर खरा?’ या प्रश्नाला मान हलवतो, आणि पानेच्या पाने आत जातात. दिंडोरीची म्हातारी आज आली असती, तर पैशाचा मजकूर तिच्या नावाने आधीच टाइप झाला असता आणि अंगठा उठवून झाला असता. तिला विचारायला जागाच उरली नसती.

कोर्टाबाहेर तर विचारूच नका. गेल्या महिन्यात माझ्या दोन कागदांवरच्या आडनावात एका वेलांटीचा फरक निघाला, म्हणून प्रतिज्ञापत्र करायला शहरातल्या एका नोटरीच्या टेबलावर गेलो. मजकूर तयारच होता, फक्त नाव घातले. ‘माझ्यासमक्ष शपथ घेतली’ असा शिक्का मी सही करण्याआधीच उठला. मी सवयीने म्हणालो, ‘शपथ द्या की.’ समोरच्यांनी मान वर केली, बहुधा तेव्हा पहिल्यांदाच, आणि म्हणाले, ‘काका, सही करा, मागे लाइन आहे.’ नोटरीच्या 1952 च्या कायद्यात शपथ देणे हे त्यांच्या कामांत स्पष्ट लिहिलेले आहे. मी सही केली. वेलांटी दुरुस्त झाली.

शिक्षेचेही बघा. न्यायालयात खोटी साक्ष दिली तर सात वर्षांपर्यंत कैद; पूर्वी भारतीय दंड संहितेत होती, आता भारतीय न्याय संहितेच्या कलम 229 मध्ये आहे. पण त्यासाठी सहसा न्यायालयानेच फिर्याद द्यावी लागते, आणि न्यायालयापुढे आधीच तुंबलेली कामे असतात. खोट्या साक्षीबद्दल कारवाई करा, असे अर्ज मी गठ्ठ्याने पाहिले. त्यातून शिक्षा लागलेली मला एकच आठवते. आणि निवडणुकीचा उमेदवार शपथपत्रात मालमत्ता किंवा गुन्हे लपवतो, त्याला लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 125 अ खाली जास्तीत जास्त सहा महिने, नाही तर नुसता दंड. बैलाच्या वादातला साक्षीदार सात वर्षांना पात्र, आणि जो आपल्यावर राज्य करणार तो सहा महिन्यांना. हा हिशेब कोणी लावला, ते मला शिरस्तेदारांनाही विचारता आले नाही.

त्यातल्या त्यात गंमत म्हणजे, शपथ न घेताच विधानसभेत बसून मत देणाऱ्या सदस्याला संविधानाच्या अनुच्छेद 193 प्रमाणे दिवसाला 500 रुपये दंड आहे. मंत्र्यांच्या शपथेत ‘कोणाच्याही विषयी ममत्वभाव किंवा आकस न बाळगता’ असे फार सुंदर मराठी आहे. टीव्हीवर ते इतक्या घाईने उरकतात की आमच्या घरी प्रत्येक वेळी कोणी तरी विचारते, ‘काय न बाळगता?’

तेव्हा शपथ रद्द करा या मागणीला माझा विरोध आहे. जिथे ‘समक्ष शपथ घेतली’ असा शिक्का उठतो, तिथे त्या माणसाकडून शपथेचे ते एक वाक्य मोठ्याने म्हणवून घ्यावे, एवढेच मागणे आहे. कायदा बदलायला नको, जास्त पैसे नकोत. परवा घरी घड्याळ लावून म्हणून पाहिले. सावकाश म्हटले तरी आठ सेकंद लागतात.

आपला,
एक निवृत्त न्यायालयीन कर्मचारी,
पंचवटी, नाशिक