ओमाच्या माळ्यावरची पत्रं

लिंकन, नेब्रास्का
रविवार, दुपार

चि. निखिल यास,
अनेक आशीर्वाद.

रोज फोन होतो, तरी हे हातानं लिहिते आहे. टाइप करून पाठवलं असतं तर तू वरवर नजर फिरवून अंगठा दाखवला असतास.

आपल्या शेजारच्या ओमा (जर्मनमध्ये ओमा म्हणजे आजी) आता घर विकून वृद्धाश्रमात जाताहेत. तुला सायकल शिकवणाऱ्या ओमा. त्यांचा माळा आवरायला मी तीन शनिवार गेले. लोणच्याच्या रिकाम्या बरण्यांमागे पत्र्याचा एक डबा सापडला. आत सव्वीस पत्रं, नीट दोरीनं बांधलेली. ओमांनी एक उलगडलं, चष्मा वर-खाली केला आणि म्हणाल्या, "आजीचं अक्षर आहे. पण मला यातला एक शब्द वाचता येत नाही."

पत्रं जर्मनमध्ये, आणि जर्मन तर त्यांना येतच नाही. ज्यांना येतं त्यांनाही ही जुनी लपेटी लिपी सहसा लागत नाही. आपल्या सातारच्या घरातले मोडीतले कागद आठवतात ना, तसंच. शेवटी युनिव्हर्सिटीतून निवृत्त झालेल्या एका प्राध्यापकांनी ती वाचून दाखवली. दोन दुपारी आम्ही दोघी शेजारी बसून ऐकत होतो.

ओमांच्या आजीचे आई-वडील 1872 मध्ये जर्मनीतल्या मेक्लेनबुर्गहून इथं, हॅम्प्टनजवळ आले. तिकडं बरीचशी जमीन मोठ्या जमीनदारांची. थोड्या वर्षांपूर्वीपर्यंत तर मजुराला लग्न करून वेगळं घर थाटायचं तरी मालकाची परवानगी लागे. आणि इथं 1862 च्या कायद्यानं 160 एकर मिळत होते. मुख्य अट अशी, की पाच वर्षं तिथं राहायचं आणि जमीन कसायची. ती जमीन मुळात पॉनी या तिथल्या मूळ रहिवासी जमातीची होती. 1870 च्या दशकात ते लोक आजच्या ओक्लाहोमाकडे गेले, हेही तुला माहीत असावं. ओमांच्या घरात त्याबद्दल कधी कुणी बोललं नव्हतं.

माळरानावर झाड नाही, म्हणून लाकूड नाही. मग नांगरानं मुळांसकट मातीचे पट्टे कापायचे आणि विटांसारखे रचून भिंती उभ्या करायच्या. उन्हाळ्यात आत गार, थंडीत ऊबदार, पण पाऊस थांबला तरी छत गळतच राहायचं. चुलीत मक्याची बुरकुंडं, वाळलं गवत आणि शेणाच्या गोवऱ्या. गोवऱ्या! माझी आजी भिंतीवर थापायची त्याच. हे ऐकताना मला एकदम तिच्या हाताचा वास आला.

आजीचा जन्म त्याच मातीच्या घरात झाला, 1874 च्या उन्हाळ्यात. घरात तिला 'टोळधाडीच्या सालची' म्हणायचे. त्या वर्षी टोळांनी पीक तर संपवलंच, जमिनीतले कांदेसुद्धा पोखरून खाल्ले. तरी ते लोक टिकले. जर्मन चर्च झालं, चर्चची शाळा झाली. आजी तिथंच शिकली. घर, बाजार, प्रार्थना सगळं जर्मनमध्येच, म्हणून इंग्रजी वाचायची वेळच तिच्यावर आली नाही.

1918 मध्ये तिचा थोरला मुलगा अमेरिकन सैन्यात भरती झाला आणि कॅन्ससमधल्या कॅम्प फन्स्टनला गेला. लढायचं होतं जर्मनीशी. ही पत्रं तिनं त्याला लिहिलेली, तो परत येताना घेऊन आला. त्यात युद्ध जवळपास नाहीच. तांबडी गाय व्याली. गव्हाला कधी नव्हे तो भाव आहे, पण कापणीला हात नाहीत. मोजे पाठवते आहे, टाच दुहेरी विणली आहे. आणि एका पत्रात हे: "तू मला यापुढं इंग्रजीतच लिही. जर्मन पत्रामुळं तुला तिथं कुणी बोल लावायला नको. धाकटा मला वाचून दाखवेल."

धाकटा म्हणजे ओमांचे वडील. तेव्हा नऊ वर्षांचे.

पुढच्याच वर्षी, 1919 मध्ये, नेब्रास्कानं कायदा केला: आठवी पास होईपर्यंत मुलांना इंग्रजीशिवाय दुसरी भाषा शिकवायची नाही. 1920 च्या मे महिन्यात हॅम्प्टनच्याच चर्चशाळेत रॉबर्ट मायर नावाचे मास्तर दहा वर्षांच्या एका मुलाला जर्मन बायबल वाचायला शिकवत होते. सरकारी वकील वर्गात आला. मास्तर थांबले असते तर सुटले असते. ते थांबले नाहीत. 25 डॉलर दंड झाला. खटला वॉशिंग्टनपर्यंत गेला आणि 4 जून 1923 ला सुप्रीम कोर्टानं त्यांच्या बाजूनं निकाल दिला. आईबापांनी मुलांना कोणती भाषा शिकवावी हा त्यांचा हक्क आहे, असं इथल्या सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं. निखिल, मी इथं चोवीस वर्षं राहते आणि हे मला आत्ता कळलं.

पण ओमांच्या घरात तोवर सवय मोडली होती. वडील त्यांच्याशी कधीच जर्मन बोलले नाहीत. घरात एकच शब्द उरला, तो म्हणजे 'ओमा'.

शेवटचं पत्र वाचून झाल्यावर ओमा बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "दुहेरी टाच माझी आईही विणायची. मला वाटायचं, ती तिची युक्ती."

परवा तू म्हणालास, अन्वीशी घरी इंग्रजीच बोलू, दोन भाषांत ती गोंधळेल. मी फोनवर गप्प बसले, कारण मला नीट बोलता आलं नसतं. तुम्हा दोघांची धावपळ मी जाणते आणि ती तुमची लेक आहे. पण तुझ्यावर कुणी कायदा केलेला नाही रे. तुला कुणी दंड करणार नाही. तिला झोपवताना मराठीत बोल. चुकलं तर चुकलं.

सोबत तिच्यासाठी मोजे आहेत. टाच दुहेरी आहे, ओमांनी शिकवली.

उत्तर लिही. मराठीतच लिही. जोडाक्षरं चुकली तरी मला वाचता येतं, मला वाचून दाखवायला कुणी लागणार नाही.

तुझी,
आई