कुशन सोळा इंची, मग कापड किती इंची?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळीच्या तोंडावर बहुतेक वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत घरच्या घरी कुशन शिवण्याची कृती येते, तशी ती आपल्याकडेही आली. छायाचित्रं छान असतात, पण मापं वाचून शिवायला बसलेल्याचं कापड वाया जातं. कुशन सोळा इंची, दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा इंच माया (शिलाईसाठी सोडलेलं जादा कापड), म्हणून सतरा इंचांचा चौकोन कापा, असं बिनदिक्कत छापलं जातं.

बेरीज बरोबर आहे, कुशन मात्र चुकतं. सोळा इंचांची उशी भरली की सोळा इंच राहत नाही. पोट फुगलं की कडा आत ओढल्या जातात. मधोमध पट्टी धरून पाहा, चौदा-साडेचौदा इंचच भरेल. तिला सोळा इंचांचं कव्हर चढवलं की ते कोपऱ्यांत रिकामं लोंबतं आणि सोफ्यावर चार दिवस टेकलं की मध्ये सुरकुतून बसतं. मग भरण कमी पडलं असं वाटून आणखी कोंबलं जातं आणि कुशनचा दगड होतो. फायबर भरलेल्या सोळा इंची उशीला शिवून झालेलं कव्हर पंधरा इंचांचं हवं, म्हणजे कापायचा चौकोन सोळा इंचांचा. आतली मांजरपाटाची (साध्या कोऱ्या सुती कापडाची) उशी तेवढी सतरावर कापून सोळाची करायची. कापूस भरणार असाल तर हा नियम लावू नका. कापूस फायबरसारखा दबून पुन्हा फुलत नाही, तिथे उशी आणि कव्हर एकाच मापाचं ठेवावं.

कोपऱ्यांचंही तसंच. काटकोनात शिवलेला कोपरा भरल्यावर शिंगासारखा बाहेर येतो, कारण भरण टोकापर्यंत पोचत नाही. त्यावर उपाय मशीनवर बसण्याआधीच करायचा. शिलाईच्या रेघेवर प्रत्येक कोपऱ्यापासून दोन्ही बाजूंना चार-चार इंचांवर खूण करा. कोपऱ्याच्या टोकापासून तिरक्या रेषेत अर्धा इंच आत तिसरी खूण करा आणि तिन्ही खुणा हलक्या बाकाने जोडून त्या रेघेवर शिलाई मारा. उलट्या बाजूने हे कोपरे बोथट दिसतात आणि आपण कापड वाकडं कापलं की काय अशी शंका येते. भरल्यावर तेच चौकोनी दिसतात. जादा माया टाक्यापासून दोन सूत, म्हणजे पाव इंच, ठेवून कापावी, एका सुतावर कापली तर धागे सुटणाऱ्या कापडात कोपरा उसवतो.

आता कापड किती आणायचं. चेन न लावता मागून पाकिटासारखं तोंड ठेवायचं असेल तर पुढचा एक तुकडा १६ बाय १६ आणि मागचे दोन तुकडे प्रत्येकी १६ बाय साडेअकरा इंच लागतात. मागच्या दोन्ही तुकड्यांची एकेक कड एक इंच दुमडून शिवली की ते साडेदहाचे होतात आणि एकमेकांवर पाच इंच चढतात. हा चढ कमी करू नका. दोन इंचांच्या चढावर पाठ टेकली की तोंड उघडतं आणि आतला मांजरपाट दिसतो. तिन्ही तुकडे शेजारी मांडले तर १६ आणि दोनदा साडेअकरा मिळून ३९ इंच होतात, ते ४४ इंचांच्या पन्ह्यात (कापडाच्या रुंदीत) आडवे बसतात. म्हणजे एका कव्हरला १६ इंच लांबी आणि पाच कव्हरांना ८० इंच. दोन मीटर म्हणजे पावणेएकोणऐंशी इंच, नेमकं सव्वा इंच कमी. दुकानदार दोन मीटर पुरेल म्हणतो आणि पाचवं कव्हर तिथेच अडतं. सव्वादोन मीटर घ्यावं. या मांडणीत मागचं तोंड उभं येतं. ते आडवं हवं असेल तर मागच्या तुकड्यांवर नक्षी आडवी होईल, पण पाठ कोण बघतं!

सव्वादोन मीटर घेण्याचं दुसरं कारण म्हणजे आटणं. नवं सुती कापड पहिल्या धुण्यात पाच टक्क्यांपर्यंत आटतं, म्हणजे सोळा इंचांत पाऊण इंचाच्या वर. कापड रात्रभर पाण्यात ठेवून, वाळवून, उलट्या बाजूने इस्त्री करून मगच कापावं. रंग पक्का व्हावा म्हणून मिठाच्या पाण्यात बुडवा, असा सल्ला कृतीबरोबर हमखास असतो. कच्चा रंग मिठाने पक्का होत नाही. ओल्या पांढऱ्या फडक्याने कापडाचा कोपरा चोळून पाहा. फडकं रंगलं तर ते कापड फिक्या कापडाशी जोडू नका, एवढंच आपल्या हातात असतं.

चेन लावणार असाल तर पंधरा इंचांच्या कडेला चौदा इंचांची पुरते. तीन नंबरची चेन मीटरवर मिळते, रनर (चेन उघडबंद करणारी सरकती कडी) सुटे घ्यावे लागतात. चेन खालच्या कडेला आणि सगळ्यात आधी लावायची, बाकी तीन बाजू नंतर. त्या तीन बाजू शिवण्यापूर्वी चेन अर्धी उघडून ठेवा. बंद ठेवून चारही बाजू शिवल्या की कव्हर सुलटं करायला वाट राहत नाही आणि एक बाजू उसवावी लागते. रनर निसटतो तोही चेनच्या दोषाने नव्हे. मीटरवर कापलेल्या चेनच्या टोकांना अटकाव नसतो. दोन्ही टोकांवर आडवे पाच-सहा टाके मागेपुढे मारले की रनर जागेवर राहतो. चेनसाठी मशीनच्या सुईखाली कापड दाबणारा फूट एकतर्फी वापरा. साध्या फुटाने शिलाई दातांपासून लांब पडते आणि चेन कव्हराबाहेर डोकावते.

खणाच्या आणि जुन्या रेशमी साडीच्या कव्हरांची सध्या हौस आहे. खण कर्नाटकातल्या गुळेदगुड्डचा असो की दुसरीकडचा, त्याचा पन्हा छत्तीस इंचांहून कमी असतो, त्यामुळे वरची ३९ इंचांची मांडणी तिथे चालत नाही. पुढचा तुकडा खणाचा आणि मागचे साध्या सुती कापडाचे करावेत, खणही वाचतो. खरी अडचण वेगळी आहे. घट्ट कव्हरात रेशमाचे धागे शिलाईजवळ सरकतात, टाका तुटत नाही पण कापड जाळीदार होतं. म्हणून आत मलमलीचं किंवा मांजरपाटाचं अस्तर हवंच. ते खणापेक्षा दोन सूत लहान कापून, दोन्हींच्या कडा जुळवून धावदोऱ्याने आधी जोडून घ्यावं. मग ताण अस्तर घेतं आणि खण नुसता मिरवतो. वर्षानुवर्षं एकाच घडीत राहिलेली साडी घडीवरच विरते, तेव्हा तुकडे घडीच्या रेषा टाळून कापा. आणि जुन्या पैठणीला कात्री लावण्याआधी तिची जरतार खरी आहे का हे जाणकाराला दाखवा. खऱ्या जरीची साडी कुशनसाठी कापणं हा शुद्ध उधळेपणा आहे.

भरण हा विषय दोन ओळींत उरकला जातो, तिथेच कुशन बिघडतं. सोळा इंची उशीला ४०० ते ५०० ग्रॅम फायबर लागतं. पिशवीतून काढलेले गोळे तसेच कोंबले तर ते आत गोळेच राहतात आणि हाताला लागतात. मूठभर घेऊन दोन्ही हातांनी विंचरल्यासारखं मोकळं करावं, आधी चारही कोपऱ्यांत बसवावं, मग कडा आणि शेवटी पोट. भरायला सहा इंचांचं तोंड ठेवावं आणि ते हातशिलाईने बंद करावं. स्पंजचा चुरा स्वस्त पडतो, पण काही वर्षांत पिवळा पडून त्याची भुकटी होते आणि ती कव्हरातून झिरपते. कापूस पाऊण ते एक किलो लागतो, कुशन जड होतं, आणि कोकणपट्टीच्या पावसाळ्यात तो ओल धरतो. उन्हं दाखवण्याची सोय नसेल तर त्याच्या वाटेला जाऊ नये. सावरीचा कापूस हलका आणि मऊ, पण तो उडतो. पंखा बंद करून, नाकाला फडकं बांधून भरावा आणि आतलं कापड घट्ट विणीचं घ्यावं, नाहीतर तंतू बाहेर येत राहतात. तो चटकन पेटतो, म्हणून समई आणि उदबत्तीजवळ असं कुशन ठेवू नये.

पायपिंगबद्दल, म्हणजे कडेला लावायच्या दोरी भरलेल्या गोटाबद्दल, एकच. पट्टी उरेबच, म्हणजे तिरकीच, कापावी, सरळ पट्टी कोपऱ्यावर चुण्या पाडते. आतली सुती दोरी आधी गरम पाण्यात बुडवून वाळवावी, नाहीतर पहिल्या धुण्यात ती आटते आणि चारही कडा आक्रसतात.

आपल्या पुरवणीला विनंती एवढीच, की यापुढे अशी कृती छापताना प्रत्येक मापापुढे ते कापायचं माप आहे की शिवून झालेलं, हे कृपया लिहावं.

आपली,
शिवणकाम शिकवणारी एक वाचक, सातारा