आप्पांचं काम विचारणाऱ्या डॉक्टरांना

डॉक्टर, नमस्कार.

समोर बसून हे बोलायला जमलं नसतं, म्हणून लिहितोय. तुमचं नाव मुद्दाम घालत नाही, तुम्हाला आवडायचं नाही.

आप्पा बेळगावच्या उद्यमबागेत फौंड्रीला होते, फेटलिंगला. कास्टिंगला चिकटलेली वाळू छिन्नीनं, ग्राइंडरनं काढायची, जन्मभर तेच. दम लागायला लागला तसे आम्ही दवाखाने पालथे घातले. बेडक्यात टीबी सापडला नाही, तरी गोळ्या टीबीच्याच. एकानं तर बिडी सोडा म्हणून झापलं. आप्पांनी बिडीला कधी हात लावलेला नाही! कारखान्यातले साहेब म्हणाले, वय झालं की व्हायचंच. आणि एवढ्या केसपेपरांत हा माणूस काम काय करतो, हे कुणीच लिहिलं नव्हतं.

तुम्ही विचारलंत. सवयीनं मीच उत्तर द्यायला लागलो, तर हात वर करून म्हणालात, ‘त्यांना सांगू दे.’ वाळू ओली की कोरडी, शेडमध्ये वारं खेळतं का, तोंडाला काय बांधत होता. मधेच आप्पांना उबळ आली. तुम्ही पेनाला टोपण लावलंत आणि नुसते बसून राहिलात. ‘बरं, पुढे’ नाही, घड्याळाकडे नजर नाही. आप्पांनी टॉवेलनं तोंड पुसलं, पाणी प्यायले, मग टोपण निघालं. खरं सांगू, हे पत्र त्या टोपणापायी आहे.

नंतर आप्पांच्या एक्सरेशेजारी आयएलओची, म्हणजे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेची, नमुना प्लेट लावून सिलिकोसिस दाखवलात, वाळूच्या धुळीनं होणारा फुफ्फुसाचा रोग. बरा होणारा नाही, हेही त्यांनाच सांगितलंत, मला बाहेर बोलावून नाही. तुमचं मराठी अडलं की कन्नड, आप्पांचं कन्नड अडलं की मराठी. भाषेवरून भांडायला टपलेल्यांनी त्या खोलीत येऊन बसायला हवं होतं.

कोलारच्या सोन्याच्या खाणींचं तुमच्याकडूनच कळलं. तिथल्या याच धुळीच्या रोगासाठी म्हैसूर संस्थानानं 1940 सालीच वेगळे नियम केले होते. पुढं 1956 मध्ये धनबादला खाण संशोधन केंद्र, 1966 मध्ये अहमदाबादला कामगारांच्या आरोग्याची संस्था, 1990 मध्ये कोलारलाच खाणकामगारांच्या आरोग्याची. म्हणजे आप्पांनी छिन्नी हातात घेतली त्याच्या कितीतरी आधीपासून हे ठाऊक होतं, तेही आजच्या आपल्याच कर्नाटक राज्यात. वाळूवर पाणी मारा, धूळ ओढून घेणारा पंखा लावा, हे सांगायला आमच्या शेडपर्यंत कुणाची पावलं वळली नाहीत. राग येतो तो याचा. तुमच्यासारखी माणसं उमेदीची वर्षं खाणकामगारांच्या प्लेटी वाचण्यात घालवतात, आणि इकडे पेशंटला ‘काम काय करता’ विचारायला कुणाला सवड नसते.

आप्पांच्या खात्यातले आणखी दोघं आता तुमच्याकडे यायचं म्हणतायत. दोघांनाही टीबीच्याच गोळ्या चालू आहेत. जुने एक्सरे घेऊन या आणि कामाचं सगळं स्वतःच सांगा, असं बजावून ठेवलंय.

तुमचा,
आप्पांचा थोरला