शिबिरांची गर्दी नको, मृत्यूंचा हिशेब हवा: आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

मी ठाण्यात राहते. कॉलेजात संख्याशास्त्र शिकवत होते, आता निवृत्त आहे. आपल्याकडे मोफत कॅन्सर तपासणी शिबिर झालं की चौकात फ्लेक्स लागतो आणि दुसऱ्या दिवशी ‘इतक्या नागरिकांनी लाभ घेतला’ अशी बातमी येते. त्या नागरिकांपैकी किती जणांचा मृत्यू टळला, हे मात्र कुणी विचारत नाही. मोठ्या आतड्याच्या कर्करोगापुरतं तरी आपल्या खात्याने ते विचारावं, म्हणून हे पत्र.

या आजारात लवकर तपासणीला खरा अर्थ आहे. आतड्याच्या आतल्या बाजूला आधी छोटा मांसल कोंब येतो. अशा कोंबांपैकी थोड्यांचाच पुढे कर्करोग होतो आणि त्यालाही बहुधा दहाएक वर्षं लागतात. त्या काळात शौचात डोळ्यांना न दिसणारं रक्त उतरू शकतं आणि ते तपासणीत सापडतं. अमेरिकेतल्या मिनेसोटामध्ये ४६ हजारांहून जास्त लोकांवर झालेल्या अभ्यासाचे निकाल १९९३ मध्ये आले. ज्यांची दरवर्षी शौचाची तपासणी झाली, त्यांच्यात १३ वर्षांत हजारी सुमारे ६ जण या कर्करोगाने गेले. ज्यांना तपासणी दिलीच नव्हती, त्यांच्यात हजारी जवळजवळ ९. तीस वर्षांनंतरही हा एक-तृतीयांशाचा फरक टिकून होता. पण त्याच अभ्यासात सगळ्या कारणांनी झालेले मृत्यू मोजले, तेव्हा दोन्ही गटांत फरक दिसला नाही. तपासणीचा फायदा एका आजारापुरता आहे, हे लोकांना आधीच स्पष्ट सांगायला हवं.

पुढची गोष्ट धोरणाच्या दृष्टीने जास्त महत्त्वाची आहे. पोलंड, नॉर्वे आणि स्वीडनमध्ये हजारो लोकांना कोलोनोस्कोपीचं, म्हणजे गुदमार्गातून दुर्बीण घालून मोठं आतडं आतून तपासण्याचं, निमंत्रण पाठवलं गेलं. त्याचे निकाल २०२२ मध्ये आले. बोलावलेल्यांपैकी फक्त ४२ टक्के लोक आले. दहा वर्षांत बोलावलेल्या गटात कर्करोग १८ टक्क्यांनी कमी झाला, मृत्यूंमध्ये मात्र ठाम म्हणावा असा फरक पडला नाही. याउलट उत्तर कॅलिफोर्नियातल्या एका मोठ्या आरोग्यसंस्थेने लोकांच्या घरी टपालाने तपासणीचे संच पाठवले, पाठपुरावा केला, आणि तपासणीत असलेल्यांचं प्रमाण २००० ते २०१५ या काळात ३९ वरून ८३ टक्क्यांवर नेलं. तिथे या कर्करोगाचा मृत्युदर लाखामागे ३१ वरून १५ च्या खाली आला. त्यात सुधारलेल्या उपचारांचाही वाटा असणार, हे मान्य. तरी मृत्युदर हलवायचा तर नुसती तपासणी उपलब्ध करून भागत नाही. माणसं यावी लागतात, पुन्हा पुन्हा यावी लागतात, आणि रक्त सापडलेल्या प्रत्येकाची कोलोनोस्कोपी व्हावी लागते.

इथे एका फसव्या आकड्याबद्दल सांगते. ‘निदानानंतर इतके टक्के रुग्ण पाच वर्षं जगले’ असा आकडा मोठ्या अभिमानाने दिला जातो. समजा, एका गृहस्थांना ६४ व्या वर्षी त्रास सुरू झाला, निदान झालं, आणि ६६ व्या वर्षी ते गेले. त्यांचाच आजार तपासणीत ६० व्या वर्षी सापडला असता आणि तरीही ते ६६ व्या वर्षीच गेले असते, तर कागदावर ते दोनाऐवजी सहा वर्षं जगले असं दिसलं असतं. वाढलं काय, तर आजारी म्हणून काढलेली वर्षं. म्हणून साहेब, कुणी पाच वर्षांचा आकडा पुढे केला, तर लाखामागे मृत्यू किती झाले ते मागा.

आता आपल्याकडचं. भारतात या कर्करोगाचं प्रमाण लाखामागे पाचच्या आसपास आहे, जगाची सरासरी १८ च्या वर. मूळ आकडाच लहान असेल तर त्याचा एक-तृतीयांश आणखी लहान, आणि एक मृत्यू टाळायला कितीतरी जास्त निरोगी लोकांना कोलोनोस्कोपीतून जावं लागेल. त्यात क्वचित का होईना, आतड्याला छिद्र पडण्याचा धोका असतो. म्हणून उद्यापासून सरसकट सगळ्यांची तपासणी करा, असं मी म्हणणार नाही. शिवाय आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमात तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख या तीन कर्करोगांची तपासणी आधीपासून आहे. मुंबईतल्या वस्त्यांमध्ये टाटा रुग्णालयाने प्रशिक्षित आरोग्यसेविकांकडून व्हिनेगर लावून गर्भाशयमुखाची तपासणी करवली, तेव्हा त्या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत देशातल्या दोन टक्के बायकांचीसुद्धा ही तपासणी झालेली नव्हती. आधी ते पूर्ण व्हावं.

आतड्याच्या बाबतीत आपला सगळ्यात मोठा तोटा होतो तो त्रास सुरू झाल्यानंतर. माझ्या थोरल्या दिरांना शौचातून रक्त जायचं. कित्येक महिने मुळव्याधीचं मलम आणि इसबगोल चालू होतं. हिमोग्लोबिन उतरलं तर लोहाच्या गोळ्या दिल्या. एकाही डॉक्टरांनी हातमोजा घालून बोटाने तपासलं नाही. गुदाशयातली गाठ बऱ्याचदा बोटालाच लागते. ‘मुळव्याधच आहे’ असं ऐकलं की भावजींनाही हायसं वाटायचं, कारण पुढचं लाजेचं बोलणं टळायचं. निदान झालं तेव्हा आजार यकृतात पोचला होता. लोकलच्या डब्यात ‘मुळव्याध, भगंदर, ऑपरेशनशिवाय खात्रीने बरे’ ही स्टिकरं पाहिली की आजही माझा संताप होतो.

म्हणून मागणं असं. पालिकेच्या दवाखान्यात चाळिशीपुढचं कुणीही शौचातून रक्त, विनाकारण पंडुरोग (रक्त कमी होणं) किंवा शौचाच्या बदललेल्या सवयीची तक्रार घेऊन आलं, तर त्याच दिवशी बोटाने तपासणी व्हावी आणि गरज असेल तर कोलोनोस्कोपीची तारीख हातात देऊनच त्याला घरी पाठवावं. कळवा आणि वाशीच्या पालिका रुग्णालयांना त्यासाठी माणसं आणि दुर्बिणी द्या.

सरसकट तपासणीचा प्रयोग करायचाच तर फिनलंडसारखा करा. त्यांनी २००४ मध्ये चिठ्ठ्या टाकल्यासारखे निम्मे लोक निवडून बोलावले आणि उरलेल्यांशी तुलना केली. पहिल्या काही वर्षांत मृत्यू कमी झालेले दिसले नाहीत, आणि ते त्यांनी जाहीर केलं. आपल्याकडे लोकमान्य नगर किंवा दिघ्यासारख्या वस्तीत, सकाळी सहाला सार्वजनिक शौचालयाच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसाने नमुना कसा घ्यायचा, हे आधी आशाताईंना विचारून ठरवा. उन्हाचाही विचार करा. उष्णतेने नमुन्यातलं रक्तद्रव्य मोडतं, इटलीतसुद्धा उन्हाळ्यात निकाल कमी पॉझिटिव्ह आले आहेत, मग ठाण्याच्या मे महिन्याचं काय बोलावं! आणि मृत्यूच्या दाखल्यावर ‘हृदयक्रिया बंद पडून’ एवढंच लिहिणं थांबवा. मूळ आजार लिहिला नाही, तर कुठलाही कार्यक्रम चालला की नाही हे कधीच कळणार नाही. मुंबईची कर्करोग नोंदणी १९६० च्या दशकापासून चालू आहे. ठाणे-नवी मुंबईतला एकेक रुग्ण आणि एकेक मृत्यू त्याच शिस्तीने नोंदला जावा.

उत्तरादाखल आपण मला एकच आकडा कळवावा: आज ठाणे आणि नवी मुंबईच्या पालिका रुग्णालयांत रक्त जाण्याची तक्रार घेऊन आलेल्या माणसाला कोलोनोस्कोपीसाठी किती दिवस थांबावं लागतं?

आपली,
संख्याशास्त्राची एक निवृत्त प्राध्यापिका
नौपाडा, ठाणे